दहा मिनिटांचं काम

बारा किलोचा प्रिंटर पोटाशी धरून क्षिप्रा टिपणीस तीन जिने उतरली, तेव्हा तिच्या मनात प्रेमाबिमाचा विचार नव्हता. लिफ्ट बंद होती, प्रिंटरचा कोपरा बरगडीत रुतत होता, आणि हे धूड एकदाचं कुणाच्या तरी गळ्यात मारून वर जाऊन चहा प्यायचा, एवढीच तिची इच्छा होती. रविवारची सकाळ. डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला त्यांची सोसायटी, आणि फाटकाशी ई-कचऱ्याचा टेम्पो उभा. आत मेलेले मिक्सर, वायरींचे गुंते, कुणाचा तरी जाडजूड टीव्ही.

टेम्पोशी एक उंच मुलगा हातात यादी घेऊन उभा होता. त्याने प्रिंटर तिच्या हातातून घेतला, पण टेम्पोत टाकला नाही. खाली बाकावर ठेवला, झाकण उघडलं, आत डोकावला.

“चालतो का?”

“भंगारात देतेय म्हटल्यावर...”

“ते कळलं. पण चालतो का?”

आता खोटं कशाला बोला? “चालतो. पण वायफाय नाही त्याला. बाबांचा जुना कॉम्प्युटर गेला, आणि नव्या लॅपटॉपशी ह्याचं जमत नाही. तेव्हापासून नुसता बसून आहे.”

“म्हणजे गेला कॉम्प्युटर, आणि शिक्षा ह्याला?”

क्षिप्राने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे हसरे होते, चेहरा मात्र अगदी गंभीर. “अहो, तुमचं काम कचरा न्यायचं आहे ना?”

“कचरा न्यायचं. हा कचरा नाहीये.” त्याने प्रिंटर उचलला. “कितवा मजला?”

“तिसरा. पण लिफ्ट बंद—”

“ते तुमच्या तोंडावरून कळलं.”

आणि गेला की तो जिना चढून! क्षिप्रा मागून रिकाम्या हाताने. ज्या वस्तूपासून सुटका करून घ्यायची, ती पुन्हा आपल्याच घरी चालली आहे आणि आपण तिला वाट दाखवतो आहोत, हे दुसऱ्या मजल्यावर तिच्या लक्षात आलं.

दार बाबांनी उघडलं. गुरुदत्त टिपणीस, वय एकोणसत्तर, वीज मंडळातून निवृत्त. प्रिंटर परत आलेला बघून त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. “मी म्हटलं होतं! नीला, मी म्हटलं होतं की नाही?” ते आत ओरडले. मग पाहुण्याकडे वळले. “आपण?”

“फ्लेव्हियन मिस्किटा. कोलशेतला आमचं वर्कशॉप आहे, काका. ऑफिसांतून जुन्या मशिनी निघतात, त्या आम्ही तोडतो. पण निम्म्या तर जिवंतच असतात. मी शनिवारी एक डबा घेऊन येतो, तो लावला की हा वायफायवर चालेल.” मग हॉलमधल्या कपाटाकडे त्याची नजर गेली. तिथे बाबांची पंचवीस वर्षांपूर्वीची म्युझिक सिस्टीम होती, लाकडी पेट्यांच्या दोन स्पीकरांसकट. “आयला, हे पण वाजत नाही?”

“वाजतं,” आईने स्वयंपाकघरातून सांगितलं. “कॅसेटी संपल्या.”

“मग हे पण लावून देतो.”

तो गेल्यावर आईने विचारलं, “मिस्किटा म्हणजे ख्रिश्चन ना गं?”

“असेल.”

“मग मासे खात असेल,” आई समाधानाने म्हणाली. टिपणिसांच्या घरात माणूस जोखायची ही पहिली पायरी होती.

आता थोडं घराविषयी. क्षिप्रा अठ्ठावीस वर्षांची, एकुलती एक. घरी बसून भाषांतरं करायची, तीसुद्धा कसली, तर गीझर, मिक्सर, वॉशिंग मशीन यांच्याबरोबर येतात त्या पुस्तिकांची. ‘यंत्र चालू असताना वीजपुरवठा खंडित करू नये’ हे वाक्य तिने आयुष्यात दोनशे वेळा तरी लिहिलं असेल. स्वभावाने ती थंड, निदान तसा तिचा समज होता. दोन स्थळं आली नि गेली, तेव्हा तिने जेवणसुद्धा चुकवलं नव्हतं. आणि बाबा दर आठवड्याला एक शब्दकोडं रचत. शनिवारी त्याच्या चाळीस प्रती निघत, रविवारी सकाळी बागेत ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर वाटल्या जात. प्रिंटर नुसता बसून राहिल्यापासून बाबा ते हाताने लिहून झेरॉक्सला नेत. पण त्यात ती मजा नाही, हे त्यांचं म्हणणं.

शनिवारी साडेदहाला फ्लेव्हियन आला. डबा म्हणजे एका बँकेतून भंगारात निघालेला, जाड पुस्तकाएवढा कॉम्प्युटर. त्याच्या पोटात नखाएवढं मेमरी कार्ड. एक वायर प्रिंटरला गेली, दुसरी स्पीकरांना. तो जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होता, आणि बाबा स्टुलावर बसून परीक्षकासारखे बघत होते.

“काकू, तुमचा फोन द्या. आता गाणं लावा. कुठलंही.”

आईने स्वयंपाकघरातून लावलं, आणि हॉलमधल्या लाकडी पेट्या किती वर्षांनी घसा खाकरून गायला लागल्या. आई हात पुसत बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. पाठोपाठ बाबांनी आपल्या फोनवरून कोडं छापलं. प्रिंटर घरघरला, थरथरला आणि त्याने गरम कागद बाहेर टाकला. बाबांनी तो नाकाशी नेऊन हुंगलाच!

“बघा,” फ्लेव्हियन क्षिप्राकडे बघून हळूच म्हणाला, “टाकत होतात ह्याला.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “माफी त्याची मागू की तुमची?”

“त्याची. माझी नंतर मागा... घाई नाही.”

काय बोलणं हे! क्षिप्राला हसू आलं आणि ते लपवायला ती पाणी आणायला गेली.

गोष्ट इथेच संपायची. पण बाबा पडले वीज मंडळाचे. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, खोलीतून बाहेर पडताना त्याचा हात आपोआप बटणावर जातो. झोपायच्या आधी घरातलं प्रत्येक बटण बंद, हा त्या घरचा नियम. डब्याने पाच रात्री निभावलं. सहाव्या सकाळी तो उठलाच नाही. फ्लेव्हियनला फोन गेला, आणि शनिवारी साडेदहाला स्वारी पुन्हा हजर.

“काका, कार्डावर काहीतरी लिहिणं चालू असतं. मधेच करंट गेला की ते खराब होतं. मग मला सगळं परत भरावं लागतं. ह्याचं बटण बंद नका करू, प्लीज.”

“रात्रभर चालू?” बाबांना ते ऐकवेना.

“एका छोट्या बल्बपेक्षा कमी खातो, काका.”

बाबांनी कागद घेऊन महिन्याचे युनिट काढले, दोनदा तपासले आणि अखेर मान्य केलं. बटणावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर लाल शाईने लिहिलं: ‘बंद करू नये. गु. टि.’ आणि सांगायला हवं की बाबांनी शब्द पाळला. त्या दिवसापासून त्यांनी त्या बटणाला बोटही लावलं नाही.

त्या शनिवारी आईने फ्लेव्हियनला जेवायला बसवलं. वालाचं बिरडं होतं. त्याने दोनदा मागून घेतलं. पुढच्या वेळी मम्मीने घरी कुटून बाटलीत भरलेला बाटली मसाला आणतो म्हणाला. क्षिप्रा समोर बसली होती. तो चपाती मोडताना डब्याचं काम करतानाइतकाच मन लावून मोडतो, हे तिने बघितलं, आणि आपण हे का बघतोय, असंही तिला वाटलं.

“पुढच्या वेळी म्हणजे कधी?” तिने सहज विचारलं. “आता तर बिघडणार नाही ना?”

“नाही बिघडणार,” तो म्हणाला. थोडा थांबला. “काकांनी बटण बंद नाही केलं तर... नाही.”

झालं! आठवडाभर डबा गुणी मुलासारखा चालला. आईची गाणी वाजत होती, बाबांची पानं निघत होती, आणि क्षिप्राला सारखं काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. कामात लक्ष लागेना. एका गीझरच्या पुस्तिकेत तिने ‘गरम’च्या जागी ‘थंड’ लिहून पाठवलं. शुक्रवार उजाडला आणि तिच्या ध्यानात आलं, की उद्या शनिवार आहे आणि कुणीही येणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सातला बाबा कट्ट्यावर जात, आणि आई भजनाला. घरात ती एकटी. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास यायला लागला म्हणून तिने खिडकी लावली. परत येताना वाटेत तो बटणांचा बोर्ड होता. लाल शाईतली सूचना होती. साडेसात वाजले होते.

तिने बटण बंद केलं.

मग चालू केलं. डब्याचा हिरवा दिवा निमूटपणे लागला. काहीच बिघडलं नव्हतं! तिने पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. असं पाच वेळा केल्यावर दिवा लाल झाला आणि तसाच राहिला. तिने शेवटचं एकदा बंद केलं, चिकटपट्टी नीट दाबून बसवली आणि सोफ्यावर जाऊन बसली. दोनशे वेळा जे करू नये म्हणून लिहिलं, ते करताना किती सोपं वाटलं.

पावणेनऊला बाबा आले. “अरे! हे बंद कसं?”

“तुम्हीच केलं असेल, बाबा,” क्षिप्रा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. “जाता जाता. सवयीने.”

“मी? छे गं...” बाबा बोर्डाकडे बघत राहिले. “केलं असेल बुवा.”

शनिवारी फ्लेव्हियन आला, बाटली मसाल्याची उंच बाटली घेऊन. “काका, बटण?” त्याने विचारलं. बाबा ओशाळून हसले. आईने त्यांची थट्टा केली. क्षिप्राने चहा केला. लॅपटॉपवर काहीतरी वाचता वाचता फ्लेव्हियन मधेच थांबला, त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. चहा मस्त झालाय.”

“अजून प्यायलात कुठे?”

“वास आला ना.”

असे चार शुक्रवार गेले आणि चार शनिवार. दुसऱ्या शनिवारी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तिसऱ्या शनिवारी काम संपल्यावर तो ‘मार्केटपर्यंत सोड ना, मला रस्ता कळत नाही’ म्हणाला, जो रस्ता त्याला पाठ होता. रस्त्यात त्याने सांगितलं की लहानपणी त्याने घरातला रेडिओ उघडलेला आणि परत जोडल्यावर दोन स्क्रू उरलेले. रेडिओ तरी चालला! ते दोन स्क्रू कुठले, हे त्याला अजून कळलेलं नाही. क्षिप्रा एवढी हसली की फुलवालीने वळून बघितलं. तिला तो आवडला होता. आता स्वतःशी तरी कबूल करायला हरकत नव्हती. खूप आवडला होता. पण हे त्याला कोण सांगणार? मुळात त्याच्या मनात काही आहे का? की तो नुसता चांगला मेकॅनिक आहे, गिऱ्हाईक सोडत नाही? त्यापेक्षा बटण बरं. बटणाला तोंड उघडून काही सांगावं लागत नाही.

ह्या सगळ्यात बाबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पहिल्या वेळी ते ओशाळले. दुसऱ्या वेळी त्यांनी वाद घातला, “मी हात लावला नाही, मला स्पष्ट आठवतंय.” आई म्हणाली, “अहो, मग काय भुताने केलं?” तिसऱ्या वेळी ते वादालाही आले नाहीत. नुसते बोर्डासमोर उभे राहिले. क्षिप्राला वाटलं, रागावले असतील. चौथ्या शुक्रवारी तिने बटण दाबलं तेव्हा हात किंचित अडखळला. पण उद्या शनिवार होता.

त्या शनिवारी बाबांनी कोडं केलं नव्हतं.

“कंटाळा आला,” ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. “मिस्किटा, प्रिंटरचं राहू द्या आज. हिची गाणी तेवढी चालू करा.” आणि पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला गेले. फोनसुद्धा चार्जिंगला तसाच ठेवून.

आई आत होती. फ्लेव्हियनने सगळं परत भरलं, डबा चालू केला. हिरवा दिवा लागला, आणि कुणी न सांगता प्रिंटर घरघरला.

“मी काही नाही पाठवलं,” क्षिप्रा म्हणाली.

“काकांनी काल रात्री बटण लावून पाठवून बघितलं असणार. डबा उठलाच नव्हता, म्हणून फोनमध्ये अडकून पडलेलं. चालू झाला की सुटतं.”

पान बाहेर आलं. तिने उचललं. कोडं नव्हतं ते. बाबांच्या ऑफिसातल्या सवयीप्रमाणे नीट आकडे घालून लिहिलं होतं.

‘डॉक्टरांना सांगावयाचे मुद्दे.

१. वय ६९. मोठे बंधू (कळवा) यांना ७१व्या वर्षी विसर सुरू झाला. शेवटी स्वतःचे घर ओळखत नव्हते.

२. प्रिंटरचे बटण आपण बंद करतो, हे आठवत नाही. असे चार वेळा झाले.

३. इतर गोष्टी आठवतात असे वाटते. परंतु बटणाला हात लावला नाही हेही आठवते असेच वाटत होते.

४. शब्दकोडे करणे थांबवावे काय?

५. पत्नी व मुलीस अद्याप सांगितलेले नाही.’

क्षिप्राने ते दोनदा वाचलं. ती जमिनीवरच बसली. कळव्याचे काका शेवटी शेवटी बाबांना ‘तुम्ही कोण?’ विचारायचे, आणि बाबा दर वेळी नाव, गाव, पत्ता सांगायचे, ते तिने पाहिलं होतं. आणि तिने त्याच बाबांना चार वेळा सांगितलं होतं, तुम्हीच केलं असेल.

फ्लेव्हियनने पान तिच्या हातातून घेतलं, वाचलं. आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं.

“बटण काकांनी नाही बंद केलेलं,” मग तो हळू आवाजात म्हणाला. “साडेसातला झालंय. दर शुक्रवारी. डबा कधी चालू झाला, कधी बंद झाला, ते कार्डावर लिहिलेलं राहतं. काका सातला घरातून जातात. आणि... पाच-पाच वेळा बंद-चालू. चुकून कोणी पाच वेळा नाही करत.”

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या वेळेपासून.”

“मग बोलला का नाहीस?”

तो मान खाली घालून वायर गुंडाळत होता. “कारण त्या कार्डाला कुलूप घालता येतं. नुसतं वाचायचं, काही लिहायचं नाही, असं. मग हजार वेळा बटण बंद कर, काही होत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, क्षिप्रा. मी पहिल्याच दिवशी करू शकलो असतो. नाही केलं. मला पण शनिवार पाहिजे होते.”

हे वाक्य ऐकण्यासाठी तिने चार शुक्रवार काढले होते. ते आलं, तेव्हा तिच्या मांडीवर बाबांचं पान होतं. आनंद झाला, खोटं कशाला? आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की त्या आनंदाचं काय करावं ते कळेना.

“आता काय करायचं?”

“मी सांगतो काकांना, डब्यातच फॉल्ट होता. ते सुटतील, तूही सुटशील.”

सोपं होतं. तिने मानसुद्धा डोलावली. तेवढ्यात दार वाजलं, बाबा कोथिंबीर घेऊन आत आले, आणि त्यांनी क्षिप्राच्या मांडीवरचं पान पाहिलं. चेहरा पडला. आईही बाहेर आली.

“काका,” फ्लेव्हियन घाईने म्हणाला, “तुमची काही चूक नाही. डब्यातच फॉल्ट होता—”

“मिस्किटा,” बाबा शांतपणे म्हणाले, “डबा बटण दाबत नाही. मी घरी आलो तेव्हा बटण बंद होतं. चारही वेळा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

आईने पान घेतलं होतं आणि ती वाचत होती.

“मी दाबलं,” क्षिप्रा म्हणाली.

“कधी?”

“चारही वेळा. तुम्ही कट्ट्यावर गेल्यावर. तुम्ही नाही काही विसरलात, बाबा.”

“का?”

तिने फ्लेव्हियनकडे पाहिलं. तो डब्याकडे बघत होता. आत्ता तो काहीतरी म्हणेल म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली. तो काही म्हणाला नाही.

“हा शनिवारी यावा म्हणून.”

बाबा स्टुलावर बसले. कोथिंबिरीची पिशवी मांडीवर तशीच. “म्हणजे माझं डोकं ठीक आहे,” ते म्हणाले. कुणाला नाही, असंच. मग डोळ्यांतून एकदम पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. “तीन आठवडे मी रात्री उठून स्वतःला पाढे म्हणून दाखवतोय, नीला. एकोणतीसचा पाढा. चुकतोय का बघायला.”

“मला नाही सांगितलंत,” आई म्हणाली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“बाबा...” क्षिप्रा म्हणाली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

“मिस्किटा, तुमचं झालं असेल तर...”

“दहा मिनिटं द्या, काका.”

फ्लेव्हियनने कार्डाला कुलूप घातलं, लॅपटॉप मिटला, “येतो काकू” म्हणाला आणि गेला. क्षिप्राला बाबांचा राग समजत होता, तो तिने कमावलाच होता. पण ह्याचं गप्प बसणं तिच्या जिव्हारी लागलं. एकांतात ‘मला पण शनिवार पाहिजे होते’, आणि चारचौघांत डब्याकडे बघत बसायचं! चार वेळा बटण दाबलं ते ह्या माणसासाठी?

पुढचा आठवडा घरात सगळं सुरळीत चाललं. फारच सुरळीत. गाणी वाजत होती. बाबांनी कोडं रचलं, तेही अवघड. पण क्षिप्राशी ते बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी आईकडे मागायचे, मीठ क्षिप्रासमोर असलं तरी. तिने तीनदा माफी मागितली. तिसऱ्या वेळी ते “हं” म्हणाले, तेवढंच. फ्लेव्हियनचा फोन नाही, मेसेज नाही. तिनेही केला नाही.

“मुलगा वाईट नाही,” गुरुवारी भाजी निवडताना आई आपणहून म्हणाली. “पण त्याने तोंड उघडलं नाही.”

“तुला तो ख्रिश्चन आहे ह्याचं काही वाटत नाही?”

“वाटेल ते नंतर वाटेल. आधी त्याला जीभ आहे की नाही ते कळू दे.”

शुक्रवारी साडेसातला घरात दुसरं कुणी नव्हतं. क्षिप्रा आपल्या खोलीत काम करत बसली. बटण आता दाबूनही उपयोग नव्हता, आणि असता तरी तिने ते दाबलं नसतं.

शनिवारी बेल वाजली. क्षिप्रा स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. घड्याळात साडेदहा. तिची सुरी थांबली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि ओठावर बोट ठेवलं. दार बाबांनी उघडलं.

“आज काय बिघडलंय?” बाबांचा आवाज.

“काही नाही, काका.”

“मग? आम्ही बोलावलं नव्हतं.”

“नाही बोलावलं.” पायपुसण्यावर चपला घासल्याचं ऐकू आलं. “मागच्या शनिवारी ती एकटी बोलली. मी गप्प बसलो. घाबरलो, काका, खरं सांगतो. तुम्ही परत येऊ नको म्हणाल म्हणून घाबरलो. बटण तिने बंद केलं, पण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि जे काम दहा मिनिटांत होतं ते मी पाच आठवडे लांबवलं. तुम्हाला त्रास झाला, त्यातला अर्धा माझ्यामुळे. सॉरी. आणि मी यायचो ते प्रिंटरसाठी नाही. क्षिप्रासाठी यायचो. मला ती आवडते. एवढंच बोलायला आलेलो.”

मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला. बहुधा त्याचाच.

“हे तिला सांगितलंत?” बाबांनी विचारलं.

“...असं सरळ नाही.”

“मग मला काय सांगताय?” बाबांचा आवाज करडाच होता. पण आईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, छत्तीस वर्षांच्या सवयीने तिला त्यातलं काहीतरी कळलं असावं. “चपला बाहेर काढा. आणि इथे उभे राहा.”

मग बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांनी क्षिप्राकडे सरळ पाहिलं.

“क्षिप्रा,” ते म्हणाले, “तुझ्याकडे पाहुणे आलेत.”

तिचे डोळे भरून आले होते, आणि कांद्याची सबब हाताशी होती, पण तिने ती वापरली नाही. “बाबा, मी खरंच...”

“माझा राग अजून आहे,” बाबा म्हणाले. “तो माझा मी बघेन. तू जा.”

ती हात न धुताच बाहेर गेली. फ्लेव्हियन हॉलच्या मधोमध उभा होता, सांगितल्यासारखा, जागचा न हलता. ना हातात लॅपटॉपची बॅग, ना खांद्यावर वायरी. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. कपाळावर घाम होता.

“ऐकलंस?” त्याने विचारलं.

“ऐकलं. शब्द न् शब्द.”

“मग...?”

“ते तू बाबांना सांगितलंस,” क्षिप्रा म्हणाली. “मला सांग.”

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई-बाबा दोघंही तिथेच उभे होते आणि आत जाण्याचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ह्या वेळी त्याने नजर हलवली नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्यापासून, सगळं परत सांगितलं.